बटण बंद केल्यानंतरचे फेरे

मी, एका छापखानेवाल्याची विधवा, वय बहात्तर, काम छापील कागदांच्या घड्या घालणे व घरकाम, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं लिहून दिलं आहे (सोबत वजनही लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं). कुणी शिकवलं म्हणून नाही, कुणाला भिऊन नाही, माझ्या मिळकतीची आणि मनात राहिलेल्या गोष्टींची व्यवस्था इथे लिहून ठेवते.

१. खालची छापखान्याची खोली आणि स्वयंपाकघर मुलाला. वरची खोली मुलीला. ती येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिच्या खोलीत कागदाचे गठ्ठे रचू नयेत.

२. धाकट्या दिरांनी नेलेलं कागद कापायचं यंत्र परत मागू नये. चार दिवसांसाठी नेलं, त्याला अठरा वर्षं झाली. पातं बोथट झालं असेल, तेही झालेत.

३. छपाईचं जुनं ट्रेडल मशीन रंगवून दारात शोभेला ठेवायचं सूनबाईंच्या मनात आहे. ठेवू नये. मोडीत द्यावं, आणि त्याआधी त्याचं मोठं चाक घणाने फोडावं. कारण सांगते.

बटण बंद केलं की मोटर थांबते, चाक थांबत नाही. ते पुढे वीस-बावीस फेरे खातं, आणि दर फेऱ्याला मशीनचा जबडा उघडतो नि मिटतो. मशीन चालवणारे तळहात लावून चाक थांबवतात, मगच आतलं काम करतात. मी घड्या घालणारी. बटण दाबलं की झालं, एवढंच मला माहीत.

सव्वीस वर्षांपूर्वी हे शाई आणायला गेले होते. मुलगी, तेव्हा एकवीसची, मशीनवर कागद लावत होती. एक कागद खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांना, चिकटला. मी बटण बंद केलं आणि म्हणाले, “बंद केलंय गं, काढ.” चालत्या मशीनमध्ये चपळाईने हात आतबाहेर करायची तिला सवय होती. मी तसं म्हटल्यावर तिने घाई सोडली. मी चाकाला हात लावला असणार, असं तिने धरलं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

तिला दवाखान्यातून घरी आणल्यावर अपघाताच्या तपासणीला सरकारी साहेब छापखान्यात आले. ह्यांनी त्यांच्यासमोर मला विचारलं, “तू तिला काही बोललीस का?” छापखान्याला टाळं लागेल या भीतीने मी “नाही” म्हटलं.

छापखान्यातच कोपऱ्यात टाकलेल्या कॉटवरून मुलगी म्हणाली, “आई, तूच म्हणालीस ना?”

“तुला तसं वाटलं असेल,” मी म्हणाले.

साहेबांनी ‘मुलीचा निष्काळजीपणा’ असं लिहून नेलं. मशीनच्या आवाजात माझं बोलणं तिच्याशिवाय कुणी ऐकलं नसणार, असं मी धरून चालले. मुलगा तेव्हापासून बहिणीला धांदरट म्हणतो.

ती घर सोडून गेली. त्यानंतर शाळेचं विज्ञानाचं पुस्तक छापायला आलं. मी वाचायला शिकले तेच घड्या घालता घालता, त्यामुळे हाताखालून जाईल ते वाचते. त्यात होतं, बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. तीन हजार प्रती होत्या. ते पान मी तीन हजार वेळा दुमडलं. खाली लिहिलं होतं की रोजच्या वस्तू थांबतात त्या घर्षणाने. त्या ओळीवर मी भरवसा ठेवला. दिवस घासत जातील, तिचा राग हळूहळू मंदावेल. मंदावला नाही.

एकदा तिच्या गावी गेले. ग्रंथालयात काम करते, डाव्या हाताने लिहिते. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, “मला अजूनही तसंच वाटतं, आई.”

मी म्हणाले, “बस चुकेल माझी.” बसला दोन तास होते.

४. तपासणीचा कागद दुरुस्त करायला गेल्या वर्षी कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “आजी, तो कधीच रद्दीत गेला. दुरुस्ती कशात करू?” म्हणून आता हा एवढाच कागद उरला. माझी पत्रं न फोडता परत येतात. मुलाने स्वतः जाऊन कलम तीन तिला मोठ्याने वाचून दाखवावं. दार उघडलं नाही तर दाराबाहेर उभं राहून वाचावं. त्याला हे बोलले तर म्हणाला, “आता कशाला, आई? ती ऐकणारेय का?” नाही ऐकणार. तू वाच. तिने मला माफ करावं असं मी कुठे लिहिलेलं नाही. कुणी तोंडीही सांगू नये.

अंगठा नाही, सही करते.

ठिकाण: राहतं घर, खालची खोली. दिनांक ९ मार्च, सकाळी अकरा.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली. बाई शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरे: खिळे जुळवणारे, याच छापखान्यात एकतीस वर्षं नोकरी. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचून दाखवल्यावर वहिनींना विचारून इतकं जोडतो: त्या दिवशी मी खिळ्यांच्या खणांपाशी उभा होतो. “बंद केलंय गं, काढ” हे मी ऐकलं. साहेबांनी मला विचारलं नाही. तेव्हा कॉटवरून पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. मी खिळे जुळवत राहिलो.