त्या रात्री आमच्या घरी कोण होतं

अवधपुरी, भोपाळ

वसुधाताई,

काल फोनवर तू एवढंच मागितलंस, "मंजू, गॅस सुटला त्या रात्री मी तुझ्या घरी होते, इतकं लिहून दे." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

चौऱ्याऐंशीच्या दोन डिसेंबरला आम्ही दिराच्या लग्नाला नागपुरात होतो. स्टेशनजवळचं आमचं घर बंद नको, म्हणून तू इंद्रपुरीहून राखणीला येऊन झोपलीस. गॅस तुझ्या छातीत गेला. पण रेशनकार्डावर तो पत्ता आमचा होता, म्हणून कागदोपत्री गॅसपीडित आम्ही झालो.

आपल्या दोघींच्या नातींनी अर्ज केला, त्या कॉलेजात गॅसपीडितांच्या नातवंडांना फी नसते. माझ्या जुईला प्रवेश मिळाला, तुझं नाव गॅसपीडितांत नाही म्हणून तुझ्या नातीचा अर्ज परत आला. जुईचे पेढे घेतानासुद्धा तू खोकत खोकत तिला आशीर्वाद दिलास.

तू कुठे होतीस हे लिहून दिलं, तर आम्ही कुठे नव्हतो तेही उघड होईल.

ताई, तुला हवं ते वर लिहिलंय, तारखेसकट. खाली सहीही करतेय. पण जुईचं शिक्षण पुरं होईपर्यंत हा कागद माझ्याच कपाटात राहणार.

तोवर तू असशील ना गं?

मंजूषा अच्युत केळकर