फॅमिली प्लॅनबाहेरचा नंबर

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, मीही बरी आहे. पत्र घरी न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंय, कारण एरवी घरून काम करत असलीस तरी दर सोमवारी तू तिथे जातेस आणि तिथलं टपाल थेट तुझ्याच हातात पडतं. चहाच्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी नसताना वाच. मी जरा पाल्हाळ लावणार आहे. गेला महिनाभर जो उद्योग केलाय तो कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि बाबांना तो इतक्यांदा सांगून झालाय की आता मी तोंड उघडलं की ते चप्पल घालून बाहेर पडतात.

तर बातमी अशी, की आपल्या घरी इंटरनेट आलं. हो, आपल्याच घरी. दिवसा दिवा लागलेला दिसला तरी जिचा जीव खालीवर होतो, त्या तुझ्या आईने स्वतः दुकानात जाऊन, चौकशी करून, सही ठोकून आणलं.

याची सुरुवात तुला ठाऊक आहेच. दर सुट्टीत मी म्हणायची, चार दिवस ये गं. उत्तर यायचं ते जावईबापूंकडून, आणि नेहमी तेच. पाठवली असती हो आई, पण तुमच्याकडे नेट नाही, तिचं काम बुडेल, नोकरीवर गदा येईल. बोलणं इतकं गोड, की फोन ठेवल्यावर मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मागून तुझा आवाज यायचा, हो आई, नेटचंच अडतं. असं किती वेळा झालं. मग एका सकाळी जप करताना माझी माळ मध्येच थांबली. म्हटलं, पोरीचं येणं नेटवर अडतंय ना, मग नेट आणू. देवापुढे बसून मी आजवर पुष्कळ काही ठरवलंय, पण माळ तशीच हातात धरून उठले असं पहिल्यांदाच झालं.

आता कंपनी कुठली घ्यायची? जाहिरातीत सगळ्याच वेगवान. मी समोरच्या नर्सबाईंकडे गेले, वरच्या शिंपीकाकांकडे गेले, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि घटकाभर फोन द्या म्हणून मागून आणले. प्रत्येकाची कंपनी वेगळी. ताटात तिन्ही फोन ठेवले आणि ते ताट घेऊन घरभर फिरले. पुढच्या खोलीत सगळ्यांच्या दांड्या भरलेल्या. स्वयंपाकघरात वाण्याचा फोन मान टाकायचा. मागच्या खोलीत, म्हणजे तुझ्या खोलीत, तिघांचीही बोबडी वळली. तिथली भिंत जुनी आणि जाड. खिडकीला टेकून उभं राहिलं तर शिंपीकाकांच्या फोनला जेमतेम एक दांडी यायची, तीही फोन डोक्यावर धरला तर. बाबा खुर्चीत बसून सगळं बघत होते. म्हणाले, एवढी पारख माझी केली असतीस तर आज मी इथे नसतो. मी म्हटलं, तुमची केली होती, पण तेव्हा दुसरी कंपनीच नव्हती.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. नुसत्या मोबाइलच्या नेटवर तुझं काम चालणार नाही, घरात वायरच आणावी लागणार. मग मी बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथे निळ्या नखांची एक मुलगी आहे, बोलायला तुरुतुरु. मावशी, अनलिमिटेड घ्या, डोळे मिटून घ्या, म्हणाली. मी म्हटलं, डोळे मी फक्त देवापुढे मिटते, तू मला सगळं उघड्या डोळ्यांनी सांग. ती हसली आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. मग आमचं चांगलं जमलं. अनलिमिटेड म्हणजे अमुक इतकं वापरून झालं की वेग कमी होतो, हे तिने सांगितलं. एका कंपनीची वायफायची पेटी फुकट दिसते, पण दर महिन्याच्या बिलात तिचं भाडं शिरतं, हेही तिनेच दाखवलं. मी विचारलं, येणारं किती वेगाने येतं ते या कागदावर मोठ्या अक्षरात आहे, पण घरून पाठवायचं झालं तर किती वेगाने जातं? कारण मला तुझे नकाशे आठवत होते. मागे एकदा तू म्हणाली होतीस, इमारतीचा एक आख्खा नकाशा पाठवायचा तर मध्ये आंघोळ उरकून येते, तरी तो गेलेला नसतो. ती मुलगी म्हणाली, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि आत जाऊन साहेबांना विचारून आली. दोनच कंपन्या अशा निघाल्या की येण्याजाण्याचा वेग सारखा. त्यातली एक आपल्या गल्लीपर्यंत येतच नव्हती. झाली निवड.

वायरवाला आला तो सरळ टीव्हीजवळ पेटी लावायला निघाला. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तो म्हणाला, इथे लावली तर पुढे रेंज कमी येईल. मी म्हटलं, पुढे आम्हाला बातम्यांपुरती पुरेल, काम इथे व्हायचंय. शेवटी मध्यम मार्ग म्हणून मधल्या भिंतीवर ठरलं, तर तिथे नेमका देवाचा कोनाडा. वायरवाला बिचारा अवघडला, राहू द्या म्हणाला. मी हात धुतले, देवाला उचललं आणि दोन हात पलीकडे बसवलं. आयुष्यभर त्याच्याकडे काही ना काही मागत आले, या खेपेला नुसतं म्हटलं, जरा सरक, पोरीला जागा हवी आहे. तो सरकला. संध्याकाळी दिवा लावताना मला तरी तो नाराज दिसला नाही.

बाबांनी तुझ्या टेबलाचे पाय घासून सारखे केले. शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे टेबल डुगडुगलेलं त्यांना बघवत नाही. दिवे गेले तर पेटी बंद पडू नये म्हणून एक बॅटरी आणलीय. शिवाय वायर तुटलीच तर आधार म्हणून शिंपीकाकांच्या कंपनीचं एक मोबाइल कार्डही घेऊन ठेवलंय. नर्सबाई आपला लॅपटॉप घेऊन आल्या, तुझ्या टेबलाशी बसल्या आणि त्यांच्या भावाशी समोरासमोर बोलत बोलत त्यांच्याकडच्या लग्नाची सगळी चित्रफीत त्याला पाठवून दिली. बोलणं एकदाही अडकलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, आमच्या हॉस्पिटलातही असं चालत नाही हो. मला वाटतं त्या चहासाठी बोलल्या, पण बरं वाटलं.

आता जे सांगणार आहे ते मात्र नीट वाच.

दुकानात वायरचं ठरल्यावर मी त्या मुलीला म्हटलं, माझा मोबाइल नंबरही याच कंपनीत आण, सगळं एका बिलात राहील. तिने नंबर घातला, पडद्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हा नंबर तुमच्या नावावर नाही."

नंबर माझा. तू कॉलेजात असल्यापासूनचा. गॅसवाल्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांकडे असलेला. मग मला आठवलं. तुझं लग्न झालं त्या वर्षी जावईबापूंनी आपल्या सगळ्यांना फॅमिली प्लॅनमध्ये घेतलं होतं. आई, तुम्ही कशाला रिचार्ज करता, मी मुलगाच ना तुमचा, असं म्हणून कागद पुढे केला आणि मी सही केली. महिन्याचा खर्च वाचला म्हणून देवाला जास्तीचं फूल वाहिलं होतं मी. मी त्या मुलीला विचारलं, नंबर त्यांच्या नावावर असला म्हणजे होतं काय? ती काम बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. मुख्य खातेदाराला सगळं दिसतं म्हणाली. कुणी कुणाला फोन केला, किती वेळ बोललं, आणि चालू करून ठेवलं असेल तर कुठला फोन या क्षणाला कुठे आहे, तेसुद्धा.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम सगळं आलं. तुझ्या वाढदिवसानंतर जावईबापू मला हसत हसत म्हणाले होते, "आई, बुधवारी दुपारी मायलेकींचं बरंच रंगलं होतं हो." तेव्हा मला वाटलं, तूच सांगितलं असशील. त्या बुधवारनंतर तुझे फोन आखूड झाले. त्यानंतर प्रत्येक फोन स्पीकरवर. जेवलीस का, जेवले. बरी आहेस ना, बरी आहे. हवा कशी आहे, गरम आहे. आणि गेल्या वेळी तुझ्या काकांच्या आजारपणात तुम्ही दोघं सकाळी येऊन संध्याकाळी परत गेलात, तेव्हाचं. ते बाबांशी बाहेर बोलत बसले होते. तू स्वयंपाकघरात आलीस, तुझा फोन पिठाच्या डब्यात ठेवलास, झाकण घट्ट लावलंस आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस. मी खुळी विचारत बसले, अगं पिठात काय ठेवतेस. तुझे ओठ हलले. तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि तू म्हणालीस, "काही नाही गं आई." फोन काढलास, माझ्यादेखत पदराने पुसलास आणि गेलीस. तुझ्या बाहीवर पीठ लागलेलं होतं, ते झटकायला मी पुढे झाले तर तू मागे सरकलीस. तो हात तू मला धरू दिला नाहीस.

मी दुकानात रडले नाही. त्या मुलीने पाणी दिलं ते प्यायले. नंतर तिथेच नवीन फोन आणि नवीन नंबर घेतला, माझ्या नावावर, माझ्या सहीने. जुना नंबर मोडलेला नाही. तो फोन आहे तसा स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलाय आणि रविवारी त्याच्यावरूनच मी तुला फोन करीन, हवा कशी आहे विचारीन. तू गरम आहे म्हण. जावईबापूंनी फोन घेतला तर त्यांच्याशीही गोड बोलीन, मला येतं ते. नेट आल्याचं त्यांच्या कानावर घातलेलं नाही आणि बाबाही घालणार नाहीत. बाबांना मी सगळं सांगितलं. ते उठले आणि तुझ्या खोलीच्या दाराला आतून नवी कडी बसवली.

दुकानातल्या त्या मुलीने शेवटी विचारलं होतं, करार किती मुदतीचा करू, महिन्यामहिन्याचा की दोन वर्षांचा? तुला माहीत आहे, मी कधी स्वतःला बांधून घेत नाही. दुधाचा रतीबसुद्धा मी आठवड्याच्या बोलीवर लावते. पण मी दोन वर्षांचा केला. चार दिवसांच्या पाहुणीसाठी कोणी असं करत नाही, हे तुला सांगायला नको. खारू, तुझ्या नोकरीला इथे काही होणार नाही, याची मी खात्री करून घेतलीय, म्हणून आज लिहायला बसले. आता तू निघून ये. का, ते सांगू नकोस, मी विचारणार नाही, आणि बाकीच्यांनी विचारलं तर त्यांना उत्तर द्यायला मी आहे. कामाचा लॅपटॉप तुझ्याबरोबर ऑफिसात असेल त्याच दिवशी, तो घेऊन ऑफिसातूनच नीघ. तुझा फोन बंद करून टेबलाच्या खणात ठेव आणि तिथेच राहू दे. नवा नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय. तो पाठ कर आणि मग कागद फाडून टाक. निघताना ऑफिसच्या फोनवरून त्याच्यावर एक रिंग दे आणि ठेवून दे. बोलायला जमलं नाही तरी चालेल. बाबा स्टँडवर येतील आणि शेवटची गाडी येईपर्यंत उभे राहतील. हा नंबर मी मावशीला दिलेला नाही, गॅसवाल्याला नाही, नर्सबाईंनाही नाही. तो वाजला तर ती तूच असशील.

वाट बघणारी, तुझीच
आई