पालथं पडून ऐकलेल्या तीन कादंबऱ्या

४ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. ह्यांच्या उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा चिकटवलाय म्हणे, आणि तो जागेवर दाबून धरायला आत वायूचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा वर चढतो, म्हणून माणसाने खाली बघायचं. दोन आठवडे! तासातली पन्नास मिनिटं पालथं, तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, बोलतानासुद्धा. वाचायचं नाही, टीव्ही नाही — एक डोळा हलला की दुसराही हलतो.

डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठून विचारलं, नजर येईल ना? म्हणाल्या, "अर्धी शक्यता धरा." ह्यांनी काहीच विचारलं नाही. कंपनीचा नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. दोन्ही डोळे चालत असतील तरच लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायचं, कारण एका डोळ्याला खोलीचा अंदाज येत नाही. सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने दुसरं काय करायचं? ऑफिसात बसवतील आणि फोन उचलायला लावतील. फोनवर हे माझ्याशीसुद्धा धड बोलत नाहीत.

५ फेब्रुवारी

ह्यांच्या मापाची प्लायवूडची फळी, तिला तोंडापुरतं भोक, खाली दोन बाकडी. भोक पाडताना सुताराने विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "तोंडासाठी." पुढे एक शब्द न बोलता काम करून गेला. कडेला जुना टॉवेल गुंडाळलाय.

आता हे दिवसभर फरशी बघतात. दुपारपर्यंत शोध लागला की खिडकीजवळची तिसरी फरशी दोन मिलिमीटर वर आहे. चहाच्या वेळेला ती आजच काढायची असं ठरलं. मी शाळेच्या ऑफिसातून दोन आठवड्यांची रजा काढलीय ती फरशा उखडायला नाही. ह्याच्यावर औषध एकच — कादंबरी. ह्यांनी जन्मात मॅन्युअलशिवाय काही वाचलेलं नाही, पण पळून कुठे जाणार?

७ फेब्रुवारी

जादूगाराची कादंबरी सुरू केली. माझी लाडकी, तिसऱ्यांदा वाचतेय. सुरुवातीला नकाशा असलेल्या पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवावा हे माझं जुनं मत. आता नकाशात जो डोंगर सगळ्यात लांब तिथेच नायकाचं काम निघतं, शेजारच्या गावात कधीच भागत नाही, हे खरं. पण निदान माणूस घराबाहेर तर पडतो.

चौथ्या पानावर जादूगार नऊशे पायऱ्या चढून मनोऱ्यात गेला. फळीखालून आवाज आला, "वय काय त्याचं?"

"तीनशे."

"आणि लिफ्ट नाही?"

"अहो, जादूगार आहे तो."

"असेल. सामान कोण चढवतं?"

सामान कोण चढवतं ते पुस्तकात नाही. दोनदा वाचून माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आता दुसरं काही येत नाही. वर जादूच्या काढ्याची एवढी मोठी कढई आहे. ती नेली कशी?

९ फेब्रुवारी

हात टेकले. दहाव्या प्रकरणात मी मनोऱ्याला लिफ्ट बसवली. लेखकाची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि वाचलं, "मग जादूगार लिफ्टने वर गेला."

फळीखालून लगेच — "किती माणसांची?" चार, म्हटलं. "देखभाल कोणाकडे?" राजाकडे, म्हटलं. तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. उरलेली तीनशे पानं शहाण्या मुलासारखी ऐकली. ड्रॅगनने अख्खं शहर जाळलं, त्यावर चकार शब्द नाही. ड्रॅगन चालतो, पायऱ्या चालत नाहीत!

१० फेब्रुवारी

फरशीचा विषय पुन्हा निघाला. वाचनालयात जाऊन विज्ञानकथा आणली.

१२ फेब्रुवारी

चारशे वर्षांच्या प्रवासाला निघालेलं यान. सदतीस मजले. विज्ञानकथांबद्दल माझी तक्रार एकच — भविष्यातली माणसं जेवण सोडून गोळ्या खातात, पण मीटिंगा काही सोडत नाहीत. बाकी मला त्या आवडतात. पृथ्वी दिसेनाशी होते तिथे मी दरवेळी रडते, आजही रडले.

ह्यांचं लक्ष दारांवर. यानातली दारं 'स्स' करून आपोआप उघडतात. "सेन्सर गेला की?" मी पुढे वाचलं. कॅप्टन मेलेल्या बायकोची आठवण काढत होता. "हो, पण सदतीस मजल्यांना माणसं किती ठेवलीत? दोघं? मग बंद पडणार ते." खरंच पडलं, तीनशेव्या पानावर. लेखक म्हणतो परग्रहवाल्यांनी पाडलं. हे म्हणतात, "देखभाल करायची नाही आणि मग बाहेरच्यांवर ढकलायचं. सगळीकडे हेच."

मी म्हटलं, तुम्हाला कल्पनाशक्ती नाही. हे म्हणाले, तुझ्या लेखकाला ग्रीसची पिचकारी माहीत नाही. दुपारभर अबोला. पालथ्या माणसाशी अबोला धरण्यात काही राम नाही, तोंड फिरवलेलं त्याला कळतच नाही.

१३ फेब्रुवारी

ह्यांचा सुपरवायझर येऊन गेला. ह्यांचं तोंड बघून बोलायचं तर फळीखाली चटईवर उताणं पडावं लागतं. कडक इस्त्रीचा शर्ट, पण बिचारा गेला सरपटत. पोटावर फाइल ठेवून म्हणाला, "काय, वर कसं काय?"

इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "साहेब म्हणाले, घाई नाही. फक्त अठ्ठावीसला कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी आहे." थोडं थांबून — "आणि नाहीच जमलं तर ऑफिसची खुर्चीही वाईट नसते हो." सुपरवायझरने रुमाल काढून स्वतःचं कपाळ पुसलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "डोळ्यातलं औषध पडलं वाटतं." औषध घालून तीन तास झाले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि तिसरं पुस्तक काढलं.

१४ फेब्रुवारी

खुनाची कादंबरी. मुद्दाम मागे ठेवली होती, कारण खून लिफ्टमध्ये आहे. तळमजल्यावर एक व्यापारी एकटाच आत शिरतो, नवव्या मजल्यावर दार उघडतं तर पाठीत सुरी. मध्ये लिफ्ट कुठेही थांबलेली नाही. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा फळीखालून प्रश्नच आला नाही. आला तो हुकूम: "पुढे."

रहस्यकथेबाबत माझा रिवाज ठरलेला. आधी शेवटचं पान. खुनी कळला की माणूस निवांत वाचतो, भाजी करपत नाही. हे ह्यांना माहीत आहे. म्हणाले, "शेवटचं प्रकरण मी वाचणार. स्वतः. उजव्या डोळ्याने. आणि तोवर तूही नाही." शपथ घातली. त्या पानांना सेफ्टी पिन लावायला लावली. मी लावली.

१६ फेब्रुवारी

ह्यांच्या मते लेखकाने लिफ्ट लांबूनसुद्धा पाहिलेली नाही. तरी सोडवत नाही! आज खडूने फरशीवर अख्खा शाफ्ट काढायला लावला. मी चटईवर पडून रेघा मारतेय, हे वरून सांगतायत, "काउंटरवेट डावीकडे घे, डावीकडे." म्हणजे लिफ्टला तोलणारं वजन. मारेकरी लिफ्टच्या छतावरच्या झडपेतूनच आला असणार, एवढं आम्ही सिद्ध केलं.

संशयित चार. विधवा, भागीदार, डॉक्टर आणि इमारतीचा लिफ्ट मेकॅनिक. इन्स्पेक्टरचा डोळा मेकॅनिकवर, कारण शाफ्टच्या दाराची किल्ली त्याच्याकडेच. ह्यांना ते घरच्या माणसावर आळ आल्यासारखं लागलं. "वीस वर्षं इमानाने काम केलेला माणूस. ह्यालाच खुनी ठरवलं ना, तर मी त्या लेखकाला पत्र घालीन."

१८ फेब्रुवारी

नणंदबाई आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण, कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांचं काम असं त्यांचं मत. चटईवर पडून दोन प्रकरणं ऐकली आणि म्हणाल्या, "मेकॅनिकच आहे. चेहऱ्यावरूनच कळतं." पुस्तकात चित्र नाही. बहीण-भाऊ असे भांडले की खालच्या मजल्यावरची शिक्षिका बघायला आली. तिलाही कथा सांगावी लागली. तिचं मत डॉक्टरवर.

१९ फेब्रुवारी

दोन आठवडे झाले. हे उठून बसले. उजव्याने काय दिसतं विचारलं तर म्हणाले, "पाणी हललं की दिसतं तसं. बुडबुडा आहे अजून." डॉक्टरीणबाई म्हणतात, तो जिरला की जे यायचं ते येईल. मला खोटं बोलणारा डॉक्टर जास्त आवडला असता.

२१ फेब्रुवारी

मी माझ्या वाट्याचं सगळं वाचून संपवलं. चौघेही संशयित एका खोलीत बसलेत, इन्स्पेक्टर घसा खाकरतोय, आणि पुढे सेफ्टी पिन.

२४ फेब्रुवारी

अजून चौघे खोलीतच. आज भाजी करपली.

२७ फेब्रुवारी

आधी हे लिहिते, मग स्वयंपाक.

सकाळी दाढी करून हे खिडकीत जाऊन बसले. म्हणाले, "आण ते पुस्तक." नणंदबाई आल्याच होत्या. ह्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला, चांगला गच्च, मी बोटांच्या फटी तपासून पाहिल्या. पिन काढली. पुस्तक हातभर लांब धरलं आणि वाचायला लागले.

अडखळले नाहीत. एकदाही नाही! सावकाश, बातम्या देणाऱ्यासारखं. इन्स्पेक्टर मेकॅनिककडे बोट दाखवतो. मेकॅनिक उठतो, सगळ्यांना मशीन-रूममध्ये नेतो आणि गव्हर्नरच्या, म्हणजे लिफ्टचा वेग आवरणाऱ्या चाकाच्या, दोरावरची खूण दाखवतो. लिफ्ट सातव्यावर हाताने थांबवलेली, आणि तसं थांबवता येईल अशी हॅन्डलची जोडी फक्त भागीदाराच्या गोदामात. भागीदार पळायला जातो, तर दाराचं कुलूप मेकॅनिकने आधीच लावलेलं. इन्स्पेक्टर टोपी काढून माफी मागतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक हत्यारांची पेटी उचलून रोजच्यासारखा कामाला जातो. समाप्त.

रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण म्हणजे एरवी नुसतं स्पष्टीकरण, मी ते भात शिजेपर्यंत उरकते. हे तसं नव्हतं. लेखकाला एकाएकी लिफ्टचं एवढं कळायला लागलं ह्याचं नवल वाटलं, कुणाला तरी विचारून लिहिलं असणार. मी रडले आणि ते लपवलं नाही. नणंदबाईंनी डोळे पुसून सांगितलं की त्यांना पहिल्यापासून भागीदाराचाच संशय होता. ह्यांनी पुस्तक मिटलं, पिन परत लावली आणि म्हणाले, "चला, आता ती फरशी काढू."

काढू दिली. आज घर उखडलं असतं तरी काढू दिलं असतं. उद्या तपासणी.

२८ फेब्रुवारी

हे तपासणीला एकटेच गेले. "तू कशाला येतेस?" म्हणाले.

पुस्तक परत करायचं म्हणून पिन काढली. शेवटचं प्रकरण जेमतेम दीड पानाचं आहे. खून मेकॅनिकनेच केलाय. पहिल्याच ओळीत कबूल करतो. मशीन-रूम नाही, दोर नाही, कुणी टोपी काढत नाही.

माझं मत — ह्यांचा शेवट जास्त चांगला आहे.