तिसरी कॉफी

२ फेब्रुवारी, यावोरनिक

आले बाई एकदाची! झेनित्साहून दोन बस बदलल्या आणि शेवटचा चढ दूधवाल्याच्या गाडीत कॅनला धरून काढला. पण जागा काय आहे! समोर सगळा उतार पांढराशुभ्र, आणि त्यावर माणसं मोजून सात-आठ. दोन खुर्च्यांची जुनी लिफ्ट करकरते, पण चालते. भाऊ नेजाद दरवर्षी म्युनिकहून ऑस्ट्रियाला स्की करायला जातो आणि परत आला की खर्चाचं रडगाणं गातो. यंदा मी त्याला चांगलं ठणकावलं. पोरीला स्की शिकवायचंय ना, मग आपल्याच डोंगरात ये. मी आधी जाऊन सगळं ठरवून ठेवते. वीस वर्षं बसस्टँडच्या तिकीट खिडकीत काढलीत मी, मला कोण फसवणार?

घर झुम्रामावशीचं. सत्तरीची बाई, गोल चेहरा, तोंडानं फटकळ. मी दारातच घासाघीस सुरू केली तर म्हणाली, आधी बूड टेक, कॉफी घे, भाव काही पळून जात नाही. आपली रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि तिसरी म्हणजे सिक्तेरुशा, आता निघा. यजमानीण ती ओतेपर्यंत पाहुण्यानं उठायचं नाही आणि ओतल्यावर रेंगाळायचं नाही.

कोपऱ्यात मोस्तारचा एन्वर म्हणून एक पाहुणा बसला होता. माझी पहिली कॉफी पिऊन होते न होते तोच मावशीनं त्याच्यापुढे तिसरी ठेवली. गड्यानं ती उकळती एका घोटात घशाखाली घातली आणि कोटसुद्धा न घेता बर्फातून धूम ठोकली. जाताना माझ्याकडे बघून रडत होता. मी म्हटलं, मावशी, बिल बुडवून पळाला की काय हा? मावशी पोट धरून हसली.

४ फेब्रुवारी

भाव ठरला. इतका कमी की मलाच लाज वाटली, तरी अजून थोडा पाडून घेतलाच. तीन खाटांची खोली, खाली शेगडी, सकाळी खिमा भरलेला पापुद्र्यांचा बुरेक आणि घरचा कायमाक, दाट सायीसारखा. स्कीसुद्धा मावशीच्या गोठ्याशेजारी भाड्यानं मिळतात, जुन्या पण धड. नेजादच्या पोरीच्या, इल्माच्या मापाची एक लाल जोडी निघाली. मी स्वतः दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा बसले त्या जागी अजून दुखतंय.

नेजादला फोन केला. बायकोला सुट्टी नाही, पण तो आणि इल्मा शनिवारी, दहा तारखेला येतील. इल्मानं फोन हिसकावून विचारलं, तिथे अस्वल आहे का आत्या? मी म्हटलं, आहे की, पण तुझ्या बापापेक्षा कमी घोरतं. सात वर्षांची आहे, हसली की थांबत नाही. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मावशी गप्पांना वाघीण. लग्न का नाही केलंस, कोणी विचारलं नाही की तू कोणाला विचारू दिलं नाहीस, असं एकेक. दुपारभर कॉफीवर कॉफी झाली.

६ फेब्रुवारी

आज निघायचं होतं. दोन दिवस ड्युटी करून शनिवारी परत येणार होते. पिशवी भरून दाराशी ठेवली आणि निरोपाच्या कॉफीची वाट बघत बसले. आली, पण बशीत साखरेचा खडा आणि लोकूमची गोड वडी. निरोपाच्या कॉफीबरोबर गोड देत नाहीत. म्हणजे पुन्हा गप्पांचीच. नंतर अजून एक. मी दोनदा घड्याळ दाखवलं. मावशी म्हणाली, घरी कोण नवरा उपाशी बसलाय गं तुझा? बस गेली.

भिडेखातर माणूस काय काय करतं! कामावर आजारी आहे म्हणून कळवलं.

७ फेब्रुवारी

आज भीड मोडली. तिसरी न घेताच उठले. आईनं पाहिलं असतं तर कानाखाली काढली असती. मावशी नुसती कप विसळत राहिली.

भर सकाळी, लख्ख उन्हात उताराचा रस्ता धरला. वळण आलं. वळणापलीकडे हेच घर. दारात मावशी, हातात तबक. म्हणाली, आलीस? ये, गरम आहे.

पुन्हा गेले. पुन्हा हेच घर. तिसऱ्यांदा रस्ता सोडून झाडीतून पळाले, कमरेएवढ्या बर्फातून. बाहेर पडले ती गोठ्यामागे. बसले. प्यायले. काय करणार?

८ फेब्रुवारी

नेजादला सांगायलाच हवं की येऊ नकोस. फोन लागला. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, स्वर्ग आहे रे, लवकर या. जीभ माझी, शब्द तिचे. संदेश लिहायला घेतला तर बोटांनी कायमाकची तारीफ लिहिली आणि पाठवलीसुद्धा.

मावशी म्हणते, खाल्ल्या मिठाला जागावं लागतं बाळ, माझ्या घरातून माझी बदनामी नाही व्हायची.

या वहीत तेवढं लिहिता येतं. पण ही वाचणार कोण?

९ फेब्रुवारी

विचारलं. सरळ विचारलं, मला कधी सोडणार?

म्हणाली, नवा पाहुणा पहिली कॉफी प्यायला की जुन्याला तिसरी. एन्वरही असाच ऑफिसच्या सहलीसाठी खोल्या बघायला आला होता. उद्या तुझी माणसं येताहेत, उद्या तू मोकळी. दोघं आहेत म्हणून तिला आनंद झालाय. पोरगी लहान आहे, लहान माणूस पुष्कळ टिकतं, म्हणाली. आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

मी कॉफीचं भांडं भिंतीवर फेकायला उचललं. तेव्हा पहिल्यांदाच ओरडली. ठेव ते. ज्यानं ओतली, घर त्याचं. मीसुद्धा पाहुणीच आले होते, म्हणाली. माझ्याही मागून माझं माणूस येत होतं.



१० फेब्रुवारी

गाडी दिसली. खालच्या वळणावर. इल्मा खिडकीतून हात हलवतेय —

पाणी ठेवलंय. तीन कप. दोन लोकूमवाले. एक नुसता, माझा. वास घरभर. मला ती प्यायचीय. खोटं कशाला लिहू, मला ती हवीय, या अल्ला, मला घरी जायचंय —

इल्मा सात वर्षांची आहे.

१० फेब्रुवारी, नंतर

ओतली. मी ओतली.

मावशी फडकं घ्यायला वळली आणि मी भांडं घेऊन दारात धावले. नेजाद हात पसरून उभा, ताई ताई करत. मिठी मारली नाही. उंबऱ्यावरच कप भरला. साखर नाही, लोकूम नाही. आल्याआल्या तिसरी.

आधी हसला. माझी थट्टा वाटली त्याला. मी कप पुढे धरून राहिले. मग चेहरा उतरला त्याचा. घराविरुद्ध बोलता येईना, पण भावाला हाकलता येत होतं. म्हटलं, पी आणि नीघ.

तो म्हणाला, हजार किलोमीटर गाडी हाणत आलो, पोरगी रस्ताभर तुझं नाव घेत होती. म्हणाला, आजपासून मला बहीण नाही. इल्मा रडत होती, आत्या रागावली का, आत्या का रागावली —

गाडी वळणावरून गेली. मी बघत राहिले. परत आली नाही. परत आली नाही!

मावशीनं एप्रन सोडून खुंटीला लावला. माझा हात हातात घेतला. तिचा हात केवढा गार. रस्त्यानं गेली ती वळण पार करून गेली. एकदाही मागे बघितलं नाही.

बहुतेक १९

दूधवाला येतो. कॅन ठेवतो. मावशी म्हणतो मला. आत ये म्हटलं तर पळतो.

भिंतींशी बोलते. काल पूर्ण दिवस एका कपाशी —

नेजादनं नंबर बंद केलाय. बरं झालं. बरं झालं ना?

तारीख माहीत नाही

कोणीतरी चढण चढतंय. एक मुलगी. पाठीला स्की, गाल लालबुंद. हाकलायची. दारातच तिसरी ओतायची, ठरवलंय —

भाव विचारतेय. माझ्या तोंडून इतका कमी निघाला की ती हसली. किती गोड हसते. किती दिवसांनी कोणी —

पुष्कळ बोलणारी दिसते. म्हणते, मागून मैत्रिणी येताहेत, आधी जागा बघायला —

एकच. गप्पांपुरती. मग सोडीन तिला, शप्पथ सोडीन. लोकूम कुठे ठेवलाय मी — पाणी उकळलं, बस गं, बस, आलेच —