आभाला मी आणणार नाही

येलवाल, मैसूर

आभाच्या बाबांना नमस्कार.

मी सुखरूप पोचले. बीपीची गोळी घेताय ना? आपला जय वेळेवर जेवतो का?

तुम्ही मला पोरीला ओढून आणायला पाठवलंत. आल्या आल्या मी त्या कार्तिकेयला सुनावलं, "लग्न नाही तर एका खोलीत निजायचं नाही. गादी उचल नि बाहेर जा." तो "सरी अम्मा", म्हणजे बरं आई, म्हणाला आणि हॉलमध्ये जाऊन निजला. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

सकाळी आभाला विचारलं, "राग नाही आला त्याला?" तर हसायला लागली. म्हणे, "आई, मी नको म्हटलं तरी तो असाच गप्प झोपतो. त्यात राग कसला?"

माझं 'नको' तुम्ही कधी ऐकलंत? अंगात ताप असो, नाहीतर ओली बाळंतीण असो. वर म्हणायचं, बायको आहेस ना.

बिनलग्नाचं राहणं मला पटलेलं नाही, ते दोघांना तोंडावर सांगितलंय. पण तिला इथून उठवून तुमच्यासारख्याच्या घरात मी देणार नाही.

गुरुवारी येते. माझं अंथरूण माजघरात टाका. त्या दाराला आतून कडी आहे, ती मी लावून घेणार.

आभाची आई