घरचा गाल

१२ ऑक्टोबर

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस आणि घर पुन्हा माझ्याएवढंच उरलं. त्या दिवशी मला खिडकीशी बसवून, हनुवटी धरून, तू एकदा इकडून नि एकदा तिकडून फोटो काढलेस, तेव्हा वाटलं, लेकीला शेवटी बापाचं तोंड बघावंसं वाटलं. म्हणून तर मी इतका सैल सुटलो. 'एक गाल घरचा, एक गाल नोकरीचा' असं तुझी आई म्हणायची, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डेपोत बस लावून घरी आलो की ती उजव्या गालावरच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवत विचारायची, आज कुठल्या रस्त्याला होतात? मला शाळेतला फळा आठवायचा. नदीच्या कवितेच्या तासाला मास्तर खडूने एकेक ओढा नदीला आणून मिळवायचे, तसंच ते बोट.

फोटो धाड. आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकून ठेवलाय. ट्रंकही भरायला घेतली आहे. महिनाअखेरीस तुझ्याकडे कायमचा येतो. माझ्या कवितांना कंटाळशील, आत्ताच सांगून ठेवतो.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझे बाबा

१८ ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. बस चालवताना तुमचा उजवा गाल खिडकीकडचा. काच उन्हाचा चटका अडवते, पण त्वचेला आतून सैल करणारे किरण आत येतातच. आता सकाळी सनस्क्रीन लावायचं, ढग असले तरी. कान आणि मानही विसरायची नाही. झोपताना दुसरं मलम, मटारच्या दाण्याएवढंच. भाकरीला तूप लावल्यासारखं थापू नका, साल निघेल. सुरकुत्या थोड्या मऊ होतील, पुसल्या जाणार नाहीत. फोटोचं बघते. तुमची खोली तयार आहे.

तब्येत सांभाळा, राग नसावा.
तुमची ठमी

२७ ऑक्टोबर

चि. ठमीस, आशीर्वाद.

काल आमच्या जुन्या कंडक्टरच्या मानेला खाज सुटली म्हणून त्याला घेऊन तुझ्याकडे आलो होतो. म्हटलं, न सांगता जाऊ, तेवढीच गंमत. तू आत पेशंट तपासत होतीस. बाहेर भिंतभर मी होतो. डोळ्यांवर काळी पट्टी, उजव्या गालाभोवती लाल गोल, आणि खाली ठळक अक्षरांत: 'एक गाल घरचा, एक गाल नोकरीचा. तुमचा कोणता?' बाकावरच्या दोन बाया हसत होत्या. तुझ्या मदतनीस मुलीने विचारलं, आजोबा, ते तुम्हीच ना? मी नाही म्हणालो. कंडक्टरने मान खाजवत माझा दंड धरला. आम्ही तसेच परत फिरलो.

पट्टीखाली मला कुणी ओळखणार नाही, असं तुला वाटलं असेल. पण ते वाक्य, पोरी?

बाबा

३० ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि फलक तेव्हाच उतरवला. विचारणार होते, राहून गेलं. खरं सांगू? विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाल, ही भीती होती. सांगून लोकांना पटत नाही. तुमचा चेहरा बघून दहा जण तरी टोपी घालायला लागले. आणि वाक्य आईचं होतं, म्हणून तर मला आवडलं. चुकले. पण रविवारी तुम्हाला आणायला येते. नाही म्हणू नका.

ठमी

३ नोव्हेंबर

चि. ठमीस, आशीर्वाद.

फलक पुन्हा लाव. लोकांनी टोपी घालावी, उन्हाशी माझं काही भांडण नाही. फोटो हवा होता तर तू आधी विचारायचं होतंस, मी हसत दिला असता. वाक्य मात्र खोडून टाक. ते तुझं नव्हतं, आणि बाकावरच्या बायांचं तर नव्हतंच.

रविवारी येऊ नकोस. ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावले आहेत. खिळा तसाच आहे, काढवत नाही. मलम मात्र लावतो, दाण्याएवढंच.

कधीतरी ये. तेव्हा पुन्हा माझी हनुवटी धरशील, तर आधी सांग, डॉक्टर धरते आहे की लेक.

बाबा