सलूनमधलं रोजचं गिऱ्हाईक

सूनबाई,

या गल्लीचं अर्थकारण आजपासून मी माझ्या खांद्यावर घेतलं आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसतो आहे. रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही, म्हणून रस्त्यावरून दिसणाऱ्या खुर्चीत मी गिऱ्हाईक होऊन बसायचं ठरलं आहे. माझ्या डोक्यावर केस नाहीत, तेव्हा सलूनवाला नुसतीच कात्री वाजवतो. खर्च शून्य.

ते दुकान बंद पडलं, तर दिवसभरात "आजोबा, मान सरळ" एवढंही म्हणणारं कोणी उरणार नाही.

तू फोनवर दुकानाबद्दल चार बरे शब्द लिही. फोटो मात्र माझा टाकू नकोस.

तुम्ही दोघं रात्री कामावरून येता तेव्हा मी झोपलेला असतो. आज उठवा. काम काही नाही.